पाण्याची बाटली का ओतली?

माझे दोन्ही भाऊ इतिहासकार आहेत. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दोघांनी मिळून महायुद्धावर पुस्तक लिहिलं आणि मी छापखान्यात मुद्रितं तपासते म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं.

घोडं अडलं बाराव्या प्रकरणापाशी. अणुबॉम्ब का टाकला? दादा म्हणे, युद्ध लवकर संपवायला. धाकटा भाऊ म्हणे, छे, युद्ध संपतच आलं होतं, तिसऱ्याच देशाला दम भरायला टाकला. तेरा दिवस हेच. सकाळी दादा येऊन भाऊचं वाक्य खोडायचा, दुपारी भाऊ येऊन दादाचं. मी बापडी सगळं लाल शाईनं पानांवर उतरवायचे. आज पाचला पानं छपाईला गेली नाहीत तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं. "आणि तेव्हा या टेबलावर दुसरं कोणी असेल, बाई," असं मालकांनी बजावलं होतं.

चार वाजता दोघं माझ्या टेबलाशी भिडले.

"तुला पुरावा वाचताच येत नाही," दादा म्हणाला.

भाऊनं माझी पाण्याची बाटली उचलली आणि सरळ बाराव्या प्रकरणावर उपडी केली. लाल पाणी ओघळत माझ्या मांडीवर आलं.

दादानं शांतपणे चष्मा पुसला. "का ओतलीस?"

"वाद संपवायला."

"थापा मारू नकोस! वाद संपतच आला होता. दारात मालक उभे आहेत, त्यांना दाखवायला ओतलीस."

मालक खरंच दारात होते.

"पुरावा?" भाऊ गरजला.

"ओतण्याआधी तू दाराकडे बघितलंस."

"घड्याळाकडे बघितलं!"

"मला विचाराल तर," मालक म्हणाले, "भरलेली बाटली हाताशी असली की माणसाचा हात शिवशिवतोच."

"हे नवीन आहे," म्हणत भाऊनं चक्क वही काढली.

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्यांनो, पाणी पडलं माझ्यावर! भिजले मी! मला विचारलंत का कुणी?"

मी ओलं प्रकरण त्यांच्यासमोर आपटलं. "बत्तीस पानं! का टाकला, कुणाला दाखवायला टाकला. ज्यांच्यावर पडला ती माणसं कुठे आहेत यात?"

दादानं पानं चाळली. एकतिसाव्या पानावर तळटीप सापडली, एका ओळीची. भाऊनं ती दोनदा वाचली आणि मान खाली घातली.

मग मी छापखान्यातली, एकही खाडाखोड नसलेली दुसरी प्रत काढली. तेरा दिवसांच्या खाडाखोडीचा हिशेब लावला तर बाकी शून्य, दोघांची वाक्यं होती तिथेच होती. मी कपाळावर हात मारला. भाऊनं रुमाल पुढे केला. "का दिलास?" असं विचारायला दादानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

पावणेपाचला मी ती तळटीप उचलून प्रकरणाच्या सुरुवातीला नेली: 'त्या सकाळी शहरातली माणसं नेहमीसारखी कामाला निघाली होती.' खोडायचं असेल तर म्हणून मी लाल पेन दादापुढे धरलं, मग भाऊपुढे. कोणीच ते हातात घेतलं नाही.