हौदातले मासे आणि पांढरे पाय

इराणातल्या काशान शहरात हूशंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती, कारण मंत्र-फुंकरवाला मिर्झा कुदरत आज माशाच्या तोंडून खरं वदवणार होता.

मासे गल्लीचेच. नवरोजला, म्हणजे नव्या वर्षाला, घरोघरी काचेच्या भांड्यात सोनेरी मासा ठेवायचा आणि तेराव्या दिवशी सहलीला निघताना तो हूशंगच्या हौदात सोडून मोकळं व्हायचं, ही इथली रीत. मग वर्षभर वरून पावाचे तुकडे टाकायचे. हौद घासायचं नाव कुणी काढायचं नाही. यंदा पाणी हिरवं होऊन वास मारायला लागलं, तेव्हा हूशंगच्या विधवा बहिणीने, महलकाने, बाह्या सारून हौद उपसला. शेवाळाचा कण ठेवला नाही. नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला, मासे परत सोडले आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक उलटे तरंगायला लागले.

झालं. भावजयीला, इशरतला, आयतं कोलीत मिळालं. "आधी नवरा खाल्ला, आता मासे," असं गल्लीभर सांगत तिने मिर्झाला बोलावणं धाडलं.

"नळ एक, पाणी एक," मिर्झाने दोन घंगाळं पुढे ओढली. "एकात माझी फुंकर, दुसऱ्यात या बाईचं पाऊल. मासा खोटं बोलत नाही, कारण त्याला बायको नसते."

लोक हसले. मिर्झाने पहिल्या घंगाळावर मूठ धरली, डोळे फिरवले, ओठ हलवले, मूठ उघडून फुंकर मारली. तिथला मासा मजेत फिरायला लागला. महलकाने पाऊल बुडवलं त्या घंगाळातला मात्र तोंड वासून वर आला आणि लोकांचा चहा संपायच्या आत आडवा झाला.

"पांढऱ्या पायाची," कुणीतरी म्हणालं.

"पोरीला घेऊन ही आज बाहेर पडली नाही," मिर्झा म्हणाला, "तर यापुढे मरेल त्याला कल्ले नसतील."

हूशंगने मान खाली घातली. "महलका, थोडे दिवस तू..."

"कुठे जाऊ, दादा?"

 कोपऱ्यात तिची पोर, पूनेह, रडत होती. महलका मिर्झाच्या घंगाळाच्या काठाला धरून उठली, तर ओल्या बोटाला एक पांढरा खडा चिकटला. विरघळता विरघळता बोट गार पडलं. हा गारवा तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याचा फोटोचा स्टुडिओ होता. काळोख्या खोलीत फोटो पक्के करायला तो रोज हेच खडे, हायपो, पाण्यात टाकायचा आणि दुकानातल्या माशाच्या भांड्यातही चिमूटभर.

तिच्या अंगाची लाही झाली. नुसती सुटका होऊन तिला भागणार नव्हतं. ज्यांच्यासमोर तिचं नाक कापलं, त्यांच्यासमोरच मिर्झाचं कापायचं होतं.

"पेटी भरून येते," म्हणत ती आत गेली. आली ती कपडे नाही, नवऱ्याची हायपोची तपकिरी बाटली घेऊन. तिने दोन्ही घंगाळं उपडी करून नळाखाली नव्याने भरली.

"आता फुंकर माझी." तिने आधी स्वतःचं पाऊल एका घंगाळात बुडवलं, मग सगळ्यांदेखत बाटलीतली चिमूट टाकली, मासा सोडला. मासा निवांत फिरायला लागला. "आणि दुसऱ्यात पाऊल तुमचं, मिर्झासाहेब."

"पवित्र माणसाची परीक्षा घेतेस?" मिर्झा दाराकडे सरकला. दारात गल्लीतला भटारवाला आडवा उभा राहिला.

"बुडवा की, आगासाहेब," तो म्हणाला. "पायच तर आहे."

मिर्झाने पाऊल बुडवलं, महलकाने मासा सोडला. मासा तोंड वासून वर आला. महलकाने त्याला झटकन चांगल्या पाण्यात हलवलं. मिर्झा पाय काढायला लागला तशी म्हणाली, "राहू द्या. गल्लीला नीट बघू दे, पांढरे पाय कुणाचे."

भटारवाल्याने मिर्झाचा खिसा उलटा केला. तेच खडे खाली सांडले.

"नळात जंतू मारायचं औषध असतं," महलका म्हणाली. "पावसाळी दिवसांत जास्तच. ते माशांचे कल्ले जाळतं. हायपो, म्हणजे हे खडे, त्याचा दात पाडतो. हायपो नसला तर पाणी दोन दिवस उन्हात उघडं ठेवा, तेही चालतं. हौद एकदम सगळा उपसू नका, थोडा थोडा बदला. पाव टाकू नका, तो कुजतो. हे मला आधी सुचलं नाही, म्हणून मासे मेले. पण तुम्ही पाण्याला काय झालं ते विचारलं नाहीत, बाईचे पाय बघितलेत. एकदा तरी पाण्याला विचारा."

हूशंग पुटपुटला, "चुकलो गं. राहा तू."

"राहणारच आहे. हौद मात्र मी घासणार नाही."

पुढच्या शुक्रवारी इशरत ब्रश घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. "वन्सं, पाय जरा बाजूला घेता?"

"नाही," महलका म्हणाली. ती काठावर बसून होती, दोन्ही पाय हौदात सोडून, आणि मासे तिच्या बोटांना लुचत होते.