सिग्नलचा उपास

विष्णूकाका सावे रेल्वेत गार्ड होते. डहाणूला निवृत्त झाले आणि शिस्त लावायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी कुत्रा पाळला. त्याचं नाव ठेवलं सिग्नल. तोच सिग्नल चार दिवस ओकत होता, आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरगी सासरी गेली तेव्हाही हा माणूस इतका खचला नव्हता.

तलासरीच्या जनावरांच्या डॉक्टर दक्षाबेन शहा फोनवर म्हणाल्या, "उद्या सकाळी आणा, पोटाची सोनोग्राफी करू. पण आज त्याला कडक उपवास, हं!"

कडक म्हणजे कडक. काकांनी वासंतीकाकूंना फर्मान सोडलं आणि काकूंनी साबुदाणा भिजत घातला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काय उगाच पडली? दुपारी खिचडी, चहाच्या वेळेला रताळं, संध्याकाळी वरीचे तांदूळ. सिग्नल मधूनच ओकायचा आणि पुन्हा ताटलीपाशी यायचा. शेजारून बोंबलाचा वास आला तशी काकांनी खिडकी लावून घेतली. उपास मोडायला नको! सकाळी निघताना, प्रवासात चक्कर येईल म्हणून, पुन्हा थोडी खिचडी.

दक्षाबेननी सिग्नलला उताणा निजवला, पोटावरचे केस भादरले, गार जेल चोपडलं आणि यंत्राची मूठ फिरवायला घेतली. पडद्याकडे बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जठर गच्च भरलंय. बारीक गोल गोल काहीतरी आहे, शेकड्यांनी! उपवास नक्की होता ना?"

"माझ्या झेंड्यावर गाड्या सुटायच्या, बेन. कडक उपवास!"

"मग खाल्लेलं पुढे सरकतच नाहीये. वाट अडलीय कुठेतरी. पोट उघडावं लागेल."

काकांनी हात जोडले. "कापू नका हो माझ्या पोराला! अजून दोन दिवस उपास करायला लावतो. साबुदाणा संपलाय, पण वाटेत घेतो."

दक्षाबेनचा हात थांबला. "साबुदाणा?"

"उपासाला दुसरं काय देणार?"

"अरे देवा! काका, आमच्यात, जैनांत, उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी!"

"आमच्यात त्याला आजारपण म्हणतात," काकू म्हणाल्या.

दक्षाबेन इतक्या हसल्या की सिग्नल टेबलावरून उडी मारून पळाला. काकांनी त्याला दारात गाठलं आणि जेलसकट मिठी मारून सगळ्यांदेखत रडून घेतलं. उद्या परत यायचं ठरलं, पाण्याशिवाय पोटात काही न घालता.

दुसऱ्या दिवशी जठर रिकामं होतं, वाट मोकळी होती. आतल्या अस्तराला थोडी सूज, एवढंच. दक्षाबेननी औषध लिहून दिलं.

"घरी गेल्यावर पातळ पेज द्या. एक वाटी."

काका भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"दोन लिहा, बेन," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तो उपाशी बघत असताना मला घास गिळेना. कालपासून मीसुद्धा तुमच्यातला उपवास धरलाय."