पूजेतले खोके

हनुमंतरावांच्या कपाळावरचं गंध आठवलं की मी अजून तोंड फिरवते. ते आमच्या तंजावूरच्या शाळेचे करस्पाँडंट, म्हणजे मालकच. देश खुला झाला, दुकानांत परदेशी साबण आले, तशी दिल्लीची नवी माध्यमिक परीक्षाही आली. ती गावात आपल्याच शाळेत पहिली हवी म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं.

या परीक्षेत विज्ञानाचं प्रात्यक्षिक होतं. दहावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवायचा. त्यासाठी प्रयोगशाळेचं अनुदान मिळालं, आणि त्याच सुमारास ओरत्तनाडु रस्त्यावरच्या हनुमंतरावांच्या लग्नमंडपाला संगमरवर बसला. ज्याला डोळे होते त्याला दिसलं.

मी विज्ञान शिकवायचे. सामान कधी येणार विचारलं की हनुमंतराव गोड हसायचे, वाटेत आहे म्हणायचे. साईप्रिया नावाची हुशार मुलगी होती, तिला पुढे लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. पेशी खरंच दिसतात का, असं ती सारखी विचारायची. मी फळ्यावर चित्र काढायचे. परीक्षकासमोर ही पोरं नुसती तोंडं बघत उभी राहणार, या विचाराने मला घास गोड लागेना. परीक्षेच्या मंडळाचा अधिकारी तपासणीला येणार होता; त्याने रिकामी खोली पाहून मान्यता अडवली तरच सामान येणार होतं.

तपासणीचा दिवस हनुमंतरावांनी अचूक निवडला. नवरात्रात पुढे सुट्ट्या, म्हणून शाळेची सरस्वतीपूजा सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी मांडतात; तपासणी नेमकी त्याच दिवशी ठेवली. पुस्तकं, यंत्रं, हत्यारं देवीपुढे ठेवायची आणि एकदा अक्षता पडल्या की विजयादशमीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या सकाळी प्रयोगशाळेत मोठे लाकडी खोके आले, आणि मी पोचेपर्यंत त्यांच्यावर रेशमी वस्त्र, चंदन, कुंकू, झेंडूच्या माळा. देवीलासुद्धा कामाला लावलं होतं या माणसाने.

अधिकारी मद्रासहून आले. दाराशी चपला काढून त्यांनी हात जोडले. सूक्ष्मदर्शक, तराजू, सगळं यात आहे, पण आता पूजेत आहे, असं हनुमंतराव मान लववून सांगू लागले. अधिकाऱ्यांनी समजून मान हलवली आणि खिशातून पेन काढलं.

मी पुढे झाले. माळ बाजूला केली, वस्त्र ओढलं आणि खोक्याचं झाकण उचललं. आत गवत होतं आणि संगमरवराचे फुटके तुकडे.

"यात सूक्ष्मदर्शक नाही, साहेब," मी तमिळमध्ये म्हणाले. "हा यांच्या मंडपाचा दगड आहे."

अधिकाऱ्यांनी आत पाहिलं. नीट पाहिलं, मी साक्षीला होते. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"पूजेतलं उचललंत, अम्मा?" म्हणत ते दोन पावलं मागे सरले.

ते खरेच घाबरले होते, याचीच मला जास्त किळस आली. चोरी त्यांना शिवली नव्हती, माझा हात शिवला होता. हनुमंतराव आमच्या घरच्या तंजावरी मराठीत शांतपणे म्हणाले, "अस्कां बाटवलीस, भामा. झाक तें." सगळंच बाटवलं म्हणे मी. मी हलले नाही, तेव्हा त्यांनी स्वतः झाकण लावलं, माळ सारखी केली आणि वर पुन्हा कुंकू वाहिलं. अधिकाऱ्यांनी देवीची क्षमा मागितली, सामान पोचल्याच्या कागदावर सही केली आणि प्रसादाचं सुंडल, ते खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, घरच्यांसाठीही बांधून घेतलं.

प्रसाद वाटायला साईप्रिया दाराशीच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मी तिला बाजूला घेतलं. पोरगी रडेल, चिडेल, निदान काही विचारेल असं मला वाटलं.

"पाहिलें, टीचर," ती हळूच म्हणाली. "पण मार्क ते साहेबच देणार नं? तुमी त्यांची माफी मागून टाका. अम्हाला पास व्हायाचें अहे."

आणि तिने माझ्या हातावर सुंडलाचा द्रोण ठेवला.