कासाळं ऐकू येईना

मित्रांनो, डिचोलीच्या बाजारातून वर चढणाऱ्या रस्त्यावर शिवदासांचं घर आहे. त्या घराच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटाच्या खालच्या खणात मी बसतो. मी अँप्लिफायर. जुना, जडशीळ, पुढे रुपेरी पट्टी आणि तिच्यावर तीन मोठी बटणं: आवाजाचं, जाड सुरांचं आणि बारीक सुरांचं. गाणं कुठूनही येवो, ते आधी माझ्या पोटात शिरतं, मी त्याला बळ देतो आणि दोन बाजूंच्या दोन स्पीकरांकडे पाठवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हल्लीची मुलं मला व्हीसीआर समजतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका तारवट्याने मला गोव्यात आणलं आणि त्याच्याकडून शिवदासांनी मला म्हापशाला घेतलं. बसमधून येताना मांडीवर घेऊन बसले होते, खाली म्हणून ठेवलं नाही. तेव्हा ते खाणीवर क्रशरवर कामाला होते. क्रशर म्हणजे खनिजाचे दगड भरडणारं यंत्र. संध्याकाळी अंगावरची लाल माती धुऊन टाकायचे, चहात उंडो, म्हणजे गोल पाव, बुडवून खायचे आणि मला सुरू करायचे. नाट्यपदं, भजनं आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे घुमट आरती.

तुमच्यापैकी जे गोव्याबाहेरचे असतील त्यांना सांगतो. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, लोक घरोघरी जाऊन आरत्या म्हणतात. मातीच्या मडक्यावर चामडं ताणलेलं घुमट घुमतं, शामेळ नावाचं छोटं ढोलकं बोलतं आणि कासाळं, म्हणजे पितळेची मोठी झांज, ताल धरतं. आमच्या वाड्यावरचं कासाळं शिवदासांचं. लग्न झाल्यापासून ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. सरावाला सगळे आमच्याच हॉलमध्ये जमायचे, मी वाजलो की माना डोलवायचे, आणि शिवदासांच्या घरी आवाज ऐकावा असं कौतुकाने म्हणायचे. मला काय कमी फुगायला व्हायचं?

मग दिवस पालटले. खाणी बंद झाल्या, शिवदास घरी बसले. कॅसेटचं यंत्र मेलं, सीडीचं त्याच्यामागून गेलं. त्यांचा मुलगा सुदेश मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागला आणि गाणी ऐकायची तर मोबाइलवर, असं घरात ठरून गेलं. माझ्या डोक्यावर क्रोशाचं फडकं आलं, फडक्यावर स्कूटरच्या चाव्या आल्या. जपानहून आलेल्या माणसाला, म्हणजे यंत्राला, काय वाटत असेल, याचा कुणी विचारसुद्धा केला नाही. शिवदास तेवढे अधूनमधून एखादा भजनाचा कार्यक्रम मोबाइलला वायर लावून माझ्यावर ऐकायचे. दर खेपेला बारीक सुरांचं बटण आणखी थोडं उजवीकडे फिरवायचे. आवड बदलते माणसाची, मी म्हटलं.

खरी कटकट गेल्या चवथीला झाली. शिवदासांनी कासाळं असं काही बडवलं की गाणाऱ्यांचे शब्द बुडाले. घुमट वाजवणारे गुरुदास त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. चवथ आटोपल्यावर ते एकदा मुद्दाम आले, बराच वेळ सुपारीच्या भावाबद्दल बोलत बसले आणि जाता जाता म्हणाले की पुढच्या वर्षी कासाळं पोरांच्या हाती द्यावं, शिवदासांनी आता गायला बसावं. शिवदासांचा चेहरा पडला. मग ते चिडून म्हणाले: हल्लीच्या पितळेत दम नाही, आवाजच उमटत नाही, म्हणून जोर लावावा लागतो. आणि पोरांनी खरं कासाळं ऐकलंय कधी? मोबाइलच्या डबीतून ऐकणाऱ्यांनी मला शिकवू नये.

त्यांनी मनाशी एक बेत केला. जुन्या, मुरलेल्या मंडळींची घुमट आरती अगदी स्वच्छ आवाजात घरी लावायची, गुरुदासांना आणि पोरांना समोर बसवायचं, आणि कासाळं कसं वाजतं ते कानांनी पटवून द्यायचं. मग बघू कोण काढून घेतो हातातलं. या चवथीच्या आत.

सुदेशला हे पसंत पडलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गौरेशकडे घरी मोठी हाय-फाय साउंड सिस्टीम होती आणि त्याने सुदेशचं डोकं आधीच भरून ठेवलं होतं. सुदेशने वडिलांना समजावलं की मोबाइलवरचं साधं गाणं म्हणजे पेजेवरची नुसती निवळ. लॉसलेस म्हणजे शितांसकट पेज. आणि हाय-रेझोल्यूशन म्हणजे त्याहून दाट. अशी गाणी देणाऱ्या तीन सर्व्हिस आहेत, तिन्हींची ट्रायल घेऊ, जिच्यात कासाळं खणखणीत वाजेल ती ठेवू. त्याने एक छोटी काळी डबी आणली, स्ट्रीमर म्हणतात तिला, आणि इंटरनेटवरून येणारं गाणं तिच्यातून वायरने थेट माझ्या पोटात सोडलं. ब्लूटूथ नको, त्यात परत निवळच येते, हे तो बजावून बजावून सांगत होता. माझ्या डोक्यावरचं फडकं निघालं. सून सिद्धीने ब्रशने माझी धूळ झाडली. मित्रांनो, खरं सांगतो, मला भरून आलं.

पहिली सर्व्हिस लावली. शिवदास डोळे मिटून बसले. माझ्या पोटातून असा आवाज गेला की मीच चकित झालो. घुमटाच्या चामड्यावरची बोटं वेगवेगळी ऐकू येत होती. कासाळं तर असं, की काचेचं कपाट थरथरलं. शिवदासांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कासाळें खंय?"

कुठे म्हणे! मला वाटलं, मस्करी करतायत.

दुसऱ्या सर्व्हिसमध्ये घुमट आरती सापडेना, जगभरचं सगळं होतं, आमचं तेवढं नव्हतं. तिसरीत सापडली, आणि काय सांगू, पहिलीपेक्षाही खोल. डबीवर हिरवा दिवा लागला, म्हणजे पूर्ण हाय-रेझोल्यूशन. शिवदासांनी बारीक सुरांचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, आवाज वाढवला, पुन्हा वाढवला आणि वैतागून मान हलवली. घुमट आहे, गाणं आहे, कासाळं मेलेलं आहे. सुदेशने माझ्याकडे असं पाहिलं की माझं धाबंच दणाणलं. म्हणाला, बाबा, सर्व्हिसचा दोष नाही. हा अँप्लिफायर म्हातारा झालाय, याला बारीक सूर झेपत नाहीत. याला भंगारात देऊ आणि नवा घेऊ.

भंगारात! मला! मित्रांनो, ज्याच्या पोटातून दर ठोका स्वच्छ बाहेर पडत होता त्याला भंगारात! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मांडीवर घेऊन मला घरी आणणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्याने माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही, आणि ते मला फार लागलं.

रविवारी सुदेश गौरेशचा नवाकोरा अँप्लिफायर मागून घेऊन आला. घ्यायच्या आधी ऐकून तरी बघू म्हणाला. माझ्या सगळ्या वायरी काढल्या, मला जमिनीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्याला माझ्या जागी बसवलं. तिसरी सर्व्हिस, तीच आरती. मी जमिनीवरून ऐकत होतो. आवाज चांगला होता, मान्य करतो. कासाळं माझ्यापेक्षाही धारदार वाजत होतं. आता शिवदास खूश होणार आणि माझी रवानगी होणार, हे मी धरूनच चाललो.

शिवदास डोळे मिटून तसेच बसले. आरती संपली. ते म्हणाले, "हेतूंय ना."

म्हणजे याच्यातही नाही. सुदेश वायरी तपासायला वाकला. सिद्धी मात्र सासऱ्यांकडे टक लावून बघत राहिली. ती हळर्णची, शेतकऱ्याची मुलगी, उगाच बोलणारी नव्हे. ती उठली आणि देवघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात वाड्याचं कासाळं होतं, शिवदासांचं. त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहिली आणि तिने कडेला कड हलकेच टेकवली.

टिंग्‌ असा बारीक, लांबत जाणारा आवाज हॉलभर पसरला. स्वयंपाकघरातून शिवदासांच्या बायकोने, कमलाक्षींनी, डोकावून पाहिलं. सुदेश ताडकन उभा राहिला. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मलासुद्धा तो लख्ख ऐकू आला.

शिवदास डोळे मिटून वाट बघत बसले होते.

"लाव मरे, सुदेश," ते म्हणाले. "कितलो वेळ?"

सिद्धीने पुन्हा वाजवलं. पुन्हा काही नाही. सुदेशचा चेहरा पांढराफटक पडला. कमलाक्षी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. आणि मी? मी तर सुटलो होतो, मित्रांनो. माझा दोष नव्हता, मला भंगारात जायचं नव्हतं, मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण मी पुरता हबकलो. ज्याच्यासाठी मी जन्मभर वाजलो त्या माणसापर्यंत माझा अर्धा आवाज पोचतच नव्हता, आणि कधीपासून पोचत नव्हता हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

सिद्धी त्यांच्या समोर येऊन खाली बसली. कासाळं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "बाबा," ती म्हणाली, "आतां हांवें वाजयलें. तुमच्या फाटल्यान. दोन खेपे."

पाठीमागून दोनदा वाजवल्याचं ऐकून शिवदासांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग बायकोकडे. तिघांच्या चेहऱ्यांवर त्यांना जे दिसलं त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

म्हापशाच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजांपाशी रेघ बरी होती, बारीक आवाजांपाशी कोसळून तळाला गेली होती. काम कुठे केलं, असं त्यांनी विचारलं. क्रशरवर, शिवदास म्हणाले. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नसे, म्हणून सगळेच ते खिशात ठेवायचे. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण मशीन लावून बरंच ऐकू येईल. हे सगळं सुदेशने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पुन्हा माझ्या जागी बसलो होतो. गौरेशचा अँप्लिफायर परत गेला होता.

कानाची मशीनं लावून शिवदास घरी आले त्या संध्याकाळी ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले. बटणं त्यांनीच ठेवली होती तशीच होती, आवाज चढवलेला, बारीक सुरांचं बटण शेवटाला. त्यांनी तिसरी सर्व्हिस लावली.

पहिला ठोका पडला मात्र, शिवदास खुर्चीतून उडालेच. दोन्ही हात कानांवर गेले. धडपडत त्यांनी मला बंद केलं.

"हें कितें?" ते म्हणाले. "असलें कोण आयकता?"

कमलाक्षी दारात होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमी."

मित्रांनो, तो एक शब्द ऐकून मला माझ्या रुपेरी पट्टीची लाज वाटली. मी सुरू झालो की कमलाक्षी मागच्या पडवीत जाऊन बसायच्या. शिवदासांना वाटायचं, हिला गाण्याची आवड नाही. मलाही तसंच वाटायचं, आणि मी मनातल्या मनात त्यांना अरसिक म्हणायचो. त्यांचं डोकं ठणकायचं. नवऱ्याचा तेवढाच विरंगुळा आहे, म्हणून त्या कधी काही बोलल्या नाहीत.

शिवदासांनी मग बटणं एकेक करून मागे आणली. थोडं फिरवायचे आणि बायकोकडे बघायचे, आणखी थोडं फिरवायचे. कमलाक्षींनी मान डोलावली तेव्हा थांबले. त्यांना बाजूच्या खुर्चीत बसवलं. सर्व्हिस कुठली ठेवायची ते तूच सांग, म्हणाले. घरात हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. कमलाक्षींनी पहिली ऐकली, तिसरी ऐकली, पुन्हा पहिली ऐकली. दुसरीतसुद्धा त्यांनी माहेरच्या जत्रेतलं एक नाट्यपद शोधायला लावलं. शेवटी तिसरी निवडली, कारण तिच्यात कासाळ्याचा नाद हवेत विरेपर्यंत ऐकू येतो. सुदेशने त्यांच्याच नावाने ती घेतली.

गुरुदासांना बसवून पटवून द्यायचा बेत तसाच राहिला. चवथ तोंडावर आली तेव्हा शिवदास स्वतःच त्यांच्याकडे गेले आणि कानातली मशीनं दाखवून आले. सरावाला सगळे आमच्याकडे जमले तेव्हा गुरुदासांनी कासाळं त्यांच्यापुढे सरकवलं. आरती सुरू झाली. शिवदासांना बऱ्याच वर्षांनी स्वतःचा ठोका ऐकू येत होता आणि त्यांना त्याची भीती बसली होती. ते इतकं हळू, इतकं जपून वाजवू लागले की पोरं एकमेकांकडे बघायला लागली. घुमट न थांबवता गुरुदास म्हणाले, "शिवदास, मात्शें जोरान वाजय रे."

मी कपाटात गप्प होतो. अशा वेळी यंत्राने गप्पच असावं.

तर मित्रांनो, घरातलं कुणी टीव्ही वाढव, गाणं वाढव म्हणू लागलं, तर आमच्यासारख्यांना भंगारात काढायची घाई करू नका. मोठ्या आवाजात काम करणारे तुमच्या घरात कुणी असतील तर त्यांना कान जपायला सांगा, स्वतःचेही जपा. आणि आज घरी गेल्यावर आजोबांच्या पाठीमागे उभे राहा आणि त्यांना हळूच हाक मारा. त्यांनी वळून पाहिलं नाही, तर हसू नका.