मोजून दिलेली धग

दिपालीचा नवरा फौजेत, बिकानेरला; तीही तिकडेच राहायची. भावाच्या लेकीच्या बारशाला ती माहेरी इंदापूरला आली ती गालावर रुपयाएवढी, कशानेच न भरणारी जखम घेऊन. तिच्या आईने, दगडाबाईने, ती पाहिली आणि ठरवूनच टाकलं. महारोगच हा! तिने लेकीची ताटवाटी वेगळी काढली.

"बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकू नगंस."

"आये, मी आत्या हाय. नाव मीच ठेवायचं ना?"

"चुलतआत्या ठेवंल. तू लांबनं बघ."

सून श्रेयाला हे पटेना. तिने अंथरुणातूनच फोन करून बारामतीच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आणि मायलेकींना धाडलं.

डॉक्टर माधवींनी जखमेच्या कडेचा कण काचेवर घेऊन त्यावर रंग चढवला. "आजी, बघायचंय?"

दगडाबाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेड स्थिरावला आणि खसखशीसारखे जांभळे ठिपके दिसू लागले. एकेका ठिपक्यात आणखी एक ठिपका.

"ह्यो महारोग न्हवं?"

"नाही. बिकानेरकडची वाळूमाशी चावली की हे जंतू कातडीत शिरतात. शेक देऊन मारायचे."

दगडाबाई ताडकन उठली. "पोरीचं त्वांड डागणार? तान्हेपणी मला बांगडी तापवून डागलंय पोटावर. अजून वळ हायत!"

"डागाला माप नसतं, आजी. याला आहे. पन्नास अंश. तेवढ्यात हे मरतात आणि गाल राहतो. तुम्ही हात धरा तिचा."

दगडाबाई जागची हलेना. "ह्यो रोग लागंल की मला. घरात तान्हं बाळ हाय."

"माशी चावल्याशिवाय नाही लागत. तुम्हाला नाही, बाळालाही नाही."

दगडाबाईने लेकीचा हात धरला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

गाल बधिर केल्यावर डॉक्टरांनी मुठीत मावेल असं यंत्र घेतलं आणि त्याचे दोन चपटे दात जखमेवर टेकवले. जाळ नाही, धूर नाही. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि पन्नासावर थांबला. जन्म चुलीपुढे गेलेल्या त्या बाईने विस्तव असा सांगितल्या जागी उभा राहिलेला कधी पाहिला नव्हता. नकळत तिचा दुसरा हात कपाळाशी गेला, देवळात जावा तसा.

"आता काही दिवस जखम जास्तच वाईट दिसेल," मलम देत डॉक्टरांनी बजावलं. "मग हळूहळू भरेल."

तशी ती दिसलीही. बारशाच्या दिवशी शेजारच्या चंद्राबाईने बायकांदेखत टोमणा मारलाच, "त्वांड तरी बरं हुंदे की पोरीचं! बारसं काय पळून चाललंय व्हय?"

"तिचं कुटं काय बिघडलंय? माझीच अक्कल गहाण पडली व्हती."

दगडाबाईने पाळण्यातली नात उचलली आणि दिपालीच्या मांडीवर ठेवली. "हं, ठेव नाव."

दिपाली बाळाच्या कानाशी वाकली. "संस्कृती" एवढंच तिच्या तोंडून फुटलं आणि डोळे घळाघळा वाहू लागले.

"अहो ताई, रडू नका!" श्रेया ओरडली. "मलम वाहून चाललं!"