पंधरा वर्षं अठ्ठावीस

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे आणि माझ्या पोटात बरंच खोटं लिहिलेलं आहे, हे आधीच कबूल करते.

अकोल्यात बसस्थानकामागे एका संस्थेची दोन खोल्यांची कचेरी आहे. फोनवर ठरवून गिऱ्हाइकाकडे धंद्याला जाणाऱ्या बायका तिथे रक्ततपासणीला आणि घटकाभर टेकायला येतात. संस्थेच्या शालूताई मला उघडायच्या आणि दोन रकाने भरायच्या: वय किती आणि या कामात किती वर्षं.

कौशल्या पहिल्यांदा आली तेव्हा खरंच अठ्ठावीसची होती. कामाला दोन वर्षं झाली होती. पुढच्या वर्षीही तिने तेच दोन आकडे सांगितले, तेव्हा शालूताई गालात हसल्या.

"काहून वं, तुले वय चढत नाही का?"

"चढलं तर फोन बंद होतीन, ताई. तुमी अठ्ठावीसच लिवा."

शालूताईंनी लिहिलं. तिचं पाहून बाकीच्यांनीही आपापले दोन्ही आकडे पुढे सरकू दिले नाहीत. दर वर्षी संस्थेला पैसा पुरवणारे साहेब यायचे, माझी स्वच्छ पानं चाळायचे आणि कौतुक करायचे. मी फुशारून जायची. मग कॉम्प्युटर आला, माझे आकडे त्यात उतरवले गेले आणि मी कपाटाच्या माथ्यावर जाऊन पडले. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला.

गेल्या महिन्यात अमरावतीहून अपेक्षा नावाची मुलगी पाहणीला आली. काम सोडू पाहणाऱ्या चाळिशीपुढच्या बायकांसाठी पोळी-भाजी केंद्र काढायचं संस्थेच्या मनात होतं. अपेक्षाने कॉम्प्युटरवर हिशेब मांडला आणि म्हणाली, "ताई, सगळ्या तिशीच्या आतल्या आहेत. दोन-तीन वर्षांत सोडून जातात. चाळिशीची एकही नाही. मग केंद्र कुणासाठी?"

खोलीत सात-आठ जणी होत्या. कौशल्या दाराशी उभी होती. केंद्राची आस सगळ्यांत जास्त तिलाच होती. गुडघे धरले होते, जुन्या फोटोवर आठवड्याला जेमतेम एक फोन यायचा. खरं वय फुटलं तर तोही गेला असता. मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

तिने खुर्ची ओढली, मला खाली काढलं, धूळ पदराने पुसली आणि तारीख घातलेलं पहिलं पान अपेक्षापुढे धरलं.

"हे पाय. पंधरा वर्षांखाली मी अठ्ठावीसची होती. आता त्रेचाळीसची आहो. कामाले सतरा वर्षं झाली. लिव."

मग रागिणी खाली मान घालून म्हणाली, "मले एक्केचाळीस." तिच्यामागून आणखी तिघी बोलल्या.

"चूक माही हाये," शालूताई म्हणाल्या. "मले समदं मालूम होतं, तरी लिवत गेली."

अपेक्षाने नवा अहवाल साहेबांकडे पाठवला. केंद्राचं अजून ठरायचं आहे. तिचं खरं वय मात्र बाहेर पोचलं आणि कौशल्याचा फोन त्याच आठवड्यात थांबला. ती रोज सकाळी येते, कचेरी झाडते आणि काही कळलं का, असं विचारते.

मित्रांनो, मला नवा पुठ्ठा घाला, अशी माझी विनवणी नाही. वाळवीने मला खाल्लं तरी चालेल. पण साहेबांना सांगा, तिला लवकर उत्तर द्या. पुढच्या वर्षी माझ्या शेवटच्या पानावर तिला चव्वेचाळीस लिहायचं आहे, आणि दुसरा रकाना सतरावरच थांबवायचा आहे.