हरणाबाईच्या उंबऱ्यावरची खबर

या, असे जवळ सरका. आरतीला अजून अवकाश आहे, टाळ जरा मांडीवर ठेवा. कीर्तनात पूर्वरंग लांबला की मंडळी डुलक्या घेतात, म्हणून मी पूर्वरंग करणारच नाही. एकदम आख्यानाला हात घालतो. आख्यान देवाचं नाही, तीन बायकांचं आहे. पण पांडुरंग त्यात कुठंतरी कोपऱ्यात बसून ऐकत असावा, असं मला आजवर वाटत आलं आहे.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. आटपाडीहून म्हसवडकडे निघालं की माळावर एक वाडी लागते. घरं माळवदाची, माणसं मेंढरांची. तिथं हरणाबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक लेक अर्जुना पलटणीत लॉरी चालवायला गेला, बसऱ्याला बोटीतून उतरला आणि तिथून इराणात पोचला, इथवर कळलं होतं. पुढं काही नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला. भावकीतले लोक मेंढरं घेऊन लांब चरणीला गेले, पण हरणाबाई हलली नाही.

"मी गेले आन माघारी खबर आली, तर दारात कोण?" एवढंच म्हणायची.

घरात ती, अर्जुनाची बायको बयाबाई आणि हरणाबाईचा दीर नानासो. बयाबाईचं लग्न होऊन जेमतेम दोन दिवाळ्या झालेल्या. ती रोज आंघोळ करून ठसठशीत कुंकू लावायची आणि दाराकडे पाठ करून कामाला बसायची. सासूला खबर हवी होती, सुनेला नको होती. जोवर खबर नाही तोवर कुंकू आहे, हा तिचा साधा हिशेब.

चैत्रात एका भर दुपारी हरणाबाई उंबऱ्याशी लोकर कातत बसली होती. माळावरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, डोळा उघडवत नाही. तिनं मान वर केली तर अंगणात एक बाई उभी. गोरी, हडकलेली, उतारवयाची. डोकं उघडं, अंगात नुसता पातळ झगा. दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून ती उभ्या उन्हात कुडकुडत होती. दात वाजलेले हरणाबाईला ऐकू आले.

कुत्रं भुंकलं नाही. उठलं, अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेलं आणि तिकडं तोंड करून बसलं.

आठवड्याच्या बाजारात चाकू-सुऱ्या विकायला इराणी बाया यायच्या. त्यांतलीच असेल, हिवताप भरला असेल, असं हरणाबाईला वाटलं. तिनं तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. "पी बाई. कुटनं आलीस?"

बाई बोलायला लागली. बोलणं लांबलचक, गाण्यासारखं हेलकावे खाणारं, आणि त्यातलं एक अक्षर कळेना. मग मध्येच एक शब्द कळला. खबर. पुन्हा अनोळखी बोलणं, पुन्हा एक ओळखीचा शब्द. जवान.

हरणाबाईच्या हातातली चाती थांबली. "काय म्हनलीस? पुन्यांदा बोल."

अंगण रिकामं होतं. तांब्या तसाच काठोकाठ भरलेला. तिनं तो उचलला आणि तिची बोटं आखडली. पाणी इतकं गार होतं की हात दुखला.

"बये, आत्ता आलती ती बाई कुनीकडं गेली गं?"

चुलीपाशी बसलेली बयाबाई पांढरीफटक पडली होती. "आवं आत्या, कंची बाई? म्या निस्ता आवाज ऐकला. रिकाम्या रांजनात तोंड घालून बोलल्यागत."

दुसऱ्या दुपारी ती आली, तिसऱ्या दुपारी आली. रोज तेच कुडकुडणं, रोज तेच बोलणं, आणि रोज हरणाबाईच्या पदरात आणखी एखादा शब्द. जमीन. दूर. सर्द. आणि एक शब्द पुन्हा पुन्हा: बर्फ. बर्फ हरणाबाईनं जन्मात एकदाच पाहिला होता, म्हसवडच्या जत्रेत, सरबतवाल्याकडे, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. त्याचं माळरानावर काय काम, ते तिला उमगेना.

नानासोला कळलं तेव्हा तो चिडला. "वैनी, गावात पोरंबाळं हायती. असलं दारात बोलावून बसवाया ती काय तुमची व्हीन हाय? उद्या धुळ्याला आनतो."

धुळा म्हणजे देवऋषी. भूत काढायचं काम त्याचं. बयाबाईनं लगेच होकार दिला.

आता आमचे नाथाजीबुवा यात कसे आले ते सांगतो. बुवा सांगलीचे, गळा असा की पेटीचा सूर वर चढवता चढवता माझी बोटं दमायची. मी त्यांच्या मागं पेटी धरत असे. हनुमान जयंतीला वाडीच्या मारुतीपुढं त्यांचं कीर्तन झालं. सूर्य उगवताना जन्म झाला, सुंठवडा वाटला, मंडळी पांगली. हरणाबाई भाकरी-झुणका घेऊन आली आणि खांबाशी बसून राहिली.

"बुवा, तुमी शानंसुरतं हायसा. बर्फ, जमीन, खबर... ह्ये बोलनं कुटलं?"

बुवा हसले. "तुझंच की."

"माजं असतं तर मला सगळं कळलं नसतं का?"

मग तिनं सगळं सांगितलं. बुवांचा घास हातातच राहिला. तरुणपणी ते सांगलीच्या कचेरीत जुने मोडी कागद वाचायचे, तिथं फारशी शब्दांचा भरणा फार. त्यांनी तिच्याकडून एकेक शब्द पुन्हा म्हणवून घेतला.

"बाई इराणातली आहे," ते म्हणाले. "तुझा लेक आहे तिकडची."

हरणाबाई खांबाला धरून बसली.

"पर मग तिचं बोलनं माज्या तोंडात कसं?"

"शब्द फिरतात गं बाई, गोसाव्यासारखे. खबर अरबस्तानातली. तिथून निघाली, इराणात मुक्काम केला, घोड्यांच्या पागेबरोबर दख्खनेत उतरली आणि आपल्या घरात सुनेसारखी नांदली. आता तिला माहेर विचारणारं कोणी नाही. बर्फ इराणातलाच. पण 'दूर' बघ, तो कोणी कोणाकडून आणला नाही. त्यांची आणि आपली खापरपणजी एक होती, तिच्या तोंडचा तो. लेकी दोन मुलखांत दिल्या, दोघींनी जपून ठेवला."

नानासो मागं उभा होता. "म्हंजी भूत बी पावन्यांतलंच म्हना की," तो म्हणाला. "पावना असला तरी आज जानार. धुळा येतोय."

हरणाबाईनं दिराकडे पाहिलं. "भावजी, तिला घालवलीसा तर माजा लेक जिता हाय का न्हाई, ह्ये मला कोन सांगंल?"

तरी नानासोनं धुळ्याला माघारी पाठवलं नाही.

दुपारी अंगणात लिंबू, राख, उलटी चप्पल सगळं मांडलं. धुळा हातात वेत घेऊन उभा राहिला. माणूस तसा भला, पण त्या दिवशी गर्दी बघून त्याला जोर चढला. घरातल्या बायकांना त्यानं दाराच्या आत बसवलं. बुवा आणि मी कडुलिंबाखाली. ऊन असं की सावली पायाखाली गोळा झालेली.

धुळा वेत आपटून ओरडायला लागला. तुम्ही कधी ऐकलं असेल तर आठवून बघा, त्याचे बोल तरी कुठले? "सिद्धनाथाचा हुकूम हाय तुला. खबरदार, दगाबाजी करशील तर. ह्या जमिनीवर हाजीर हो. हाजीर हो आन जबाब दे."

बुवांनी माझा दंड धरला. "अरे, हा तिच्याच बोलीत बोलावतोय तिला," ते पुटपुटले. "घालवायचं आहे ना याला?"

धुळ्यानं तिसऱ्यांदा हाजीर हो म्हटलं आणि उत्तर आलं.

"हाजेरम."

मंद, थकलेला बायकी आवाज. वरून नाही, दारातून नाही; जमिनीलगत कुठूनतरी. सगळ्या अंगणानं तो ऐकला. मी ऐकला. हजर आहे, असं ती म्हणाली होती, आणि ते समजायला कोणाला बुवांची गरज पडली नाही.

धुळ्याचा वेत खाली आला. तो नानासोकडे बघून अगदी हळू म्हणाला, "नानासो, भुतं किंचाळत्यात, शिव्या देत्यात. ही तर कचेरीत पुकारा झाल्यागत उभी ऱ्हायली. हिला काय म्हनायचं ते मला शिकिवल्यालं न्हाई." आणि तो राखेचं रिंगण ओलांडून आमच्या शेजारी येऊन बसला.

चैत्राची दुपार, आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी ती डोळ्यांनी पाहिली.

बुवा म्हणाले, "हरणाबाई, विचार आता."

"मी काय इचारू? मला कुटं येतीया तिची भाषा?"

"येते तेवढी पुरे."

हरणाबाई उंबऱ्यावर आली. आम्हाला अंगण रिकामं दिसत होतं. ती मात्र एका जागी नजर लावून बोलली. "माजा जवान. अर्जुना. काय खबर?"

आवाज सावकाश बोलला. एकेक शब्द निवडून, समोरच्याला ओझं होऊ नये अशा बेतानं. शब्द होते ते असे: जवान, बर्फ, सर्द. मग चादर. "चादर-ए मन." ती दोनदा म्हणाली. माझी चादर, बुवा पुटपुटले.

हरणाबाईला चादर कळली. ती उघडी कुडकुडणारी बाई रोज तिच्यासमोर उभी राहत होती, तेव्हा चादर कोणाच्या अंगावर गेली हे कळायला तिला वेळ लागला नाही. पण जे हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं. पांघरूण जित्यालाही घालतात आणि मेलेल्यालाही.

"जिता हाय का? माजा लेक जिता हाय?"

'जिता' हा शब्द त्या बाईकडे नव्हता. हरणाबाईनं बुवांकडे पाहिलं. बुवांना शब्द ठाऊक असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या ओठांवर तो आलाही, पण त्यांची नजर दारातल्या बयाबाईच्या कुंकवावर गेली आणि त्यांना बोलवेना.

बयाबाई उठली. इतके दिवस दाराकडे पाठ करून बसलेली ती पोर सासूच्या खांद्याला खांदा लावून उंबऱ्यात उभी राहिली. बेचाळीसच्या प्रभातफेऱ्या वाडीवरूनही गेल्या होत्या. त्यांतल्या घोषणांमधला शब्द तिला ठाऊक होता.

"जिंदा?" तिनं विचारलं.

उत्तर आलं, अगदी हलकेच, मायेनं म्हटल्यासारखं:

"न."

याचा अर्थ कोणी कोणाला सांगितला नाही. बुवा मला पुढं म्हणाले, हा शब्दही कोणी आणलेला नव्हे, खापरपणजीचाच. पण तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले होते. बयाबाई खाली बसली. रडली नाही. सासूच्या पायाला धरून बसून राहिली.

हरणाबाईनं एक हात सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि समोर बघून विचारलं, "तुजं नाव काय बाई?"

"गोहर."

"तुजं कोन हाय तिकडं?"

"हीच-कस."

बुवा म्हणाले, "कोणी नाही, म्हणते. कोणीच नाही."

हरणाबाई आत गेली. अर्जुनाचं काळं घोंगडं खुंटीवर होतं, ते घेऊन आली. नानासो पुढं झाला, पण तिनं त्याला हातानं बाजूला केलं. घोंगडं अंगणात नेऊन तिनं अलगद सोडलं, लेकरावर सोडावं तसं.

ते जमिनीवर सपाट पडलं नाही. मध्ये उंच राहिलं, गुडघे पोटाशी घेऊन कोणी बसावं एवढं. आम्ही सगळे बघत होतो. कडा थरथरत होत्या. हळूहळू थरथर कमी झाली, थांबली. मग घोंगडं आतून सैल होत गेलं आणि मातीला टेकलं. कुत्रं उठून आलं, त्याच्या कडेला पडलं आणि झोपी गेलं.

ती पुन्हा आली नाही. पुढं पंधरा-वीस दिवसांनी सरकारी माणूस आला आणि अर्जुना घाटात बर्फात लॉरीसकट गेल्याचं सांगून गेला. चादरीबद्दल तो काही बोलला नाही. त्याला कोणी विचारलंही नाही.

भाद्रपदात पितरांच्या दिवशी हरणाबाईनं अर्जुनाचं पान वाढलं, आणि शेजारी दुसरं. नानासो म्हणाला, "वैनी, ती कोन, कुटली, धरम कंचा?"

"तिनं चादर काडताना त्येला इचारला व्हता का?"

नानासो तांब्या घेऊन आला आणि त्यानं दुसऱ्या पानाभोवतीही पाणी फिरवलं. हरणाबाई असेतो तिनं हे चालवलं, मग बयाबाईनं चालवलं. बयाबाईला मूलबाळ नव्हतं. ती गेली तशी ते दुसरं पान वाढायचं राहून गेलं. मी एकटा जीव, माझ्या घरी पान वाढणारं कोणी नाही. बुवाही आता वैकुंठाला गेले.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. तुमच्या घरी पितरांना वाढाल तेव्हा एक घास बाजूला काढा. मंत्र नको, काही नको. एकदा नाव घ्या, गोहर म्हणून. तिचं कोणी नाही.